वखारवाल्याच्या घरची चूल

आमच्या बाबांना गल्लीत कुणी नावाने ओळखत नसे. ते सगळ्यांचे टणटणशेठ. लाकडाची वखार चालवायला काटा, कुऱ्हाड आणि मोठं तोंड एवढं असलं की भागतं, असा लोकांचा समज असतो. बाबांचं तोंड लहान होतं, पण कान तयार होते. दोन ढलप्या उचलून ते एकमेकींवर आपटायचे. टण्ण आवाज आला की लाकूड सुकं, थप्प आला की ओलं. थप्प वाजलेलं लाकूड मागच्या भिंतीला जायचं आणि पुढचे चार महिने बाबा त्याला ओळख दाखवायचे नाहीत. बाकीचे वखारवाले ओलं लाकूड आनंदाने विकायचे, कारण पाणी वजनाला भरतं. बाबा म्हणायचे, "पाणीच विकायचं असतं तर नळ सोडून बसलो नसतो का?"

वाजवून बघायची ही खोड वखारीपुरती राहिली असती तरी ठीक होतं. ते दुसऱ्यांच्या घरची दारं वाजवायचे, टेबलं वाजवायचे, बाजारात कलिंगडवाल्याला हैराण करायचे. माझं लग्न ठरवायला गेले, तर बोलता बोलता तिथल्या पलंगाचा पाय वाजवून पाहिला. मुलाचं डोकं तेवढं वाजवून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अधूनमधून वाटतं.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. दोन गल्ल्या पलीकडे राहते, शिवणकाम करते. माझं तोंड मात्र बाबांसारखं लहान नाही, हे वाचणाऱ्याने आधीच समजून घ्यावं.

वखार पत्र्याची होती. पुढे काटा, त्यामागे एका हाताला ओंडके, दुसऱ्या हाताला फोडलेल्या ढलप्या, कोपऱ्यात काटक्यांच्या मोळ्या आणि भुशाची पोती. फोडकामाला एक काका होते. ओंडक्यात पाचर ठोकून तो उभा फाडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुणाच्याही बोलण्यात मध्येच पाचर मारण्यातही नव्हतं. म्हणून ते पाचरकाका. वखारीच्या मागे छोटं अंगण आणि अंगणाला लागून आमचं घर. बाहेरची खोली, आतली खोली आणि शेवटी बसक्या छपराचं स्वयंपाकघर. त्याला एक खिडकी होती, पण तिच्या बाहेरच लाकडाची थप्पी रचलेली असल्यामुळे ती मी कधी उघडलेली पाहिली नाही. आमच्याकडे जागा आधी लाकडाला मिळायची, उरलेली माणसांना.

कोणत्या घरात काय पेटतं, हे बाबांना पाठ होतं. शहाणी माणसं मला सांगतात, की हातात चार पैसे खुळखुळायला लागले की माणूस लाकूड सोडतो आणि गॅस घेतो. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! वळणावरचा हमाल रोज संध्याकाळी मजुरी हातात पडली की पाच किलो लाकूड न्यायचा. महिन्याचं गणित मांडलं तर गॅस स्वस्त पडतो, हे त्यालाही कळत होतं. पण लाकूड पाच किलो मिळतं, सिलिंडर थोडासा भरून कुणी देत नाही. त्याच्या शेजारच्या भाडेकरूकडे पैसे होते, पण राहत्या जागेचा कागद नव्हता, म्हणून गॅसचा अर्ज दरवेळी परत यायचा. नळाजवळच्या आजीला मुलाने गॅस घेऊन दिला होता. तिने त्या निळ्या जाळाकडे एकदा निरखून पाहिलं आणि जाहीर केलं, "ज्याला धूर नाही तो जाळ लबाड." गिरणीतल्या फिटरच्या बायकोला गॅस मनापासून हवा होता. पण घरात काय यायचं ते फिटर ठरवायचा आणि चुलीपुढे फिटर बसत नव्हता. त्यांच्याकडे मोठा टीव्ही आला.

बाबा यांपैकी कुणालाही नावं ठेवायचे नाहीत. "ज्याच्या त्याच्या घरची तऱ्हा," म्हणायचे आणि काट्यात एक ढलपी जास्तीची टाकायचे.

रोज संध्याकाळी वखार बंद करायच्या आधी ते आईसाठी मोळी निवडायचे. हा कार्यक्रम अर्धा तास चालायचा. एकेक ढलपी वाजवून बघायची, नाकाशी धरायची, गाठ असेल तर बाजूला टाकायची, चिकटलेली साल कोयत्याने खरवडून काढायची, कारण सालीचा धूर फार. मग सगळ्या सारख्या लांबीच्या ढलप्या काथ्याच्या दोरीने बांधून बाबा बाहेरच्या खोलीत यायचे. आई दोन्ही हात पुढे करायची. "घे, उद्याचं," एवढंच ते म्हणायचे. नवऱ्याने बायकोसाठी काय काय आणावं याची लोकांकडे लांबलचक यादी असते. आमच्या बाबांच्या यादीत ही एकच वस्तू होती आणि तिच्यात त्यांनी कधी खाडा केला नाही.

आणि ती मोळी रोज सकाळी वखारीत परत जायची.

बाबा उजाडताच लाकडाच्या बाजाराला निघायचे. ते नजरेआड झाले की आई मोळी उचलायची, दोरी सोडून घ्यायची आणि ढलप्या मागच्या दाराने वखारीत पाठवायची. "इतकं चांगलं लाकूड का घरात जाळायचं असतं?" ती म्हणायची. "गिऱ्हाईकाला दे. आपल्याला काय, काहीही जळतं." स्वतःला ती मागच्या भिंतीचं ओलं, साली, कुजकी टोकं, भुसा असलं आणायची. फुंकणीने फुंकून फुंकून पेटवायची. शाळेला जायच्या आधी त्या ढलप्या वखारीत नेऊन टाकायचं काम माझं होतं. पाचरकाका त्या मुकाट्याने थप्पीत मिसळून द्यायचे. माझं लग्न झाल्यावर ते स्वतःच मागच्या दाराशी येऊन न्यायला लागले. बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. उलट ते कौतुकाने म्हणायचे, "आपल्याकडे चांगल्या लाकडाला बरकत आहे. कितीही विका, सरत नाही."

मला हसू यायचं तेव्हा. आई आणि मी बाबांना कसं बनवतो, याची गंमत वाटायची. त्या गमतीची किंमत आईची छाती देते आहे, हे मला कळत नव्हतं, आणि कळायला लागलं त्यानंतरही मी बाबांना सांगितलं नाही. आईने शपथ घातली होती. पण खरं सांगायचं तर शपथ हे निमित्त होतं. बाबांचं तोंड उतरलेलं मला बघवलं नसतं. या गोष्टीत दोष कुणाचा असं कुणी विचारलं, तर पहिला हात मी वर करेन.

आईचा खोकला सकाळी चूल पेटली की सुरू व्हायचा, दुपारी विसावायचा आणि संध्याकाळी पुन्हा यायचा. इतका नियमाने यायचा की आम्हाला तो ऐकूच येईनासा झाला. लग्नानंतर माझ्या घरी गॅस आला आणि माहेरी आले की माझेच डोळे चुरचुरायला लागले. तेव्हा मी धोशा लावला.

"बाबा, गॅस घ्या."

"वखारवाल्याच्या घरात गॅस? अगं, गिऱ्हाईक तोंडात शेण घालेल. म्हणेल, स्वतः गॅसवर खातो आणि आम्हाला लाकूड विकतो."

"आई, तू तरी सांग."

"मला नको बाई. चव येत नाही त्याला. आणि ऐन वेळी संपला म्हणजे? डब्याला मिठी मारून बसायचं?"

"मला मेलीला काय पडलंय?" असं म्हणून मी तणतणत निघून जायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. अशी बारा वर्षं गेली.

मग एका थंडीत आई आजारी पडली. सकाळी चुलीपुढून उठायला गेली आणि उठता येईना. ताप होता, आणि चार शब्द बोलली की पाचव्याला दम लागत होता. पाचरकाकांनी हातगाडीवर पोती अंथरली आणि आम्ही तिला दवाखान्यात नेलं. हातगाडीवरून जाताना ती मला म्हणत होती, "भात चुलीच्या वैलावर ठेवलाय. तेवढा काढ."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्याहूनही लहान असतील. त्यांनी आईला पुढे वाकून बसायला सांगितलं. डाव्या हाताचं बोट तिच्या पाठीवर टेकवलं आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर टकटक करत त्या वरून खाली यायला लागल्या. मी आईचा खांदा धरून उभी होते. बाबा दाराशी, चपला हातात घेऊन. डॉक्टरीणबाईंचं बोट पाठीच्या खालच्या भागात, उजव्या बाजूला आलं आणि आवाज बदलला.

"ओलं आहे," बाबा म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "काय म्हणालात?"

"तिथे. उजवीकडे खाली. थप्प वाजलं. वर सुकं आहे, तिथे ओलं आहे."

त्यांनी पुन्हा वाजवून पाहिलं आणि बाबांकडे बघतच राहिल्या. "बरोबर आहे. तिथे न्यूमोनिया झालाय. तुम्ही दवाखान्यात काम करत होतात का?"

"नाही. माझी लाकडाची वखार आहे."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी चौकशी केली. घरात चूल आहे का, किती वर्षं, खिडकी आहे का, धूर कुठून जातो. मग त्या म्हणाल्या, "हा ताप उतरेल, औषधाने छाती मोकळी होईल. पण यांची फुफ्फुसं वर्षानुवर्षांच्या धुराने थकली आहेत. ती काही पुन्हा नवी होणार नाहीत. यांना चुलीपुढे बसू देऊ नका. धुरातली आणखी एक थंडी या काढतील असं मला वाटत नाही."

"पण मी तिला ओलं लाकूड कधी दिलंच नाही," बाबा म्हणाले. "चाळीस वर्षं. एकेक वाजवून दिलंय. साल काढून."

"सुक्या लाकडालाही धूर असतो, आजोबा. ओल्याला फार असतो, एवढंच."

आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. एका वाक्यात किती ओल आहे हे कळायला बाबांना वेळ लागत नसे.

आईला दवाखान्यात ठेवून आम्ही घरी आलो. बाबा स्वयंपाकघरात गेले. ते राज्य आईचं होतं. त्यांचं ताट बाहेरच्या खोलीत यायचं आणि पाण्याचा तांब्याही तिथेच. त्या बसक्या दारातून ते वाकून आत शिरलेले मी तोपर्यंत पाहिले नव्हते. चुलीशेजारी पुढच्या जाळाची तयारी करून ठेवलेली होती. बाबांनी खाली बसून दोन तुकडे उचलले आणि आपटले. थप्प. आणखी दोन. थप्प. तिथला ढीग त्यांनी एकेक करून वाजवला, सगळा, शेवटच्या कुजक्या टोकापर्यंत. मी दारात उभी राहून ते थप्प थप्प ऐकत होते आणि मला पळून जावंसं वाटत होतं.

ते उठले आणि थेट वखारीत गेले. पाचरकाका ओंडक्यावर बसले होते.

"माझी मोळी कुठे जाते?"

सगळ्यांच्या बोलण्यात पाचर मारणाऱ्या माणसाची त्या दिवशी वाचा बसली. शेवटी ते म्हणाले, "शेठ, वहिनी परत पाठवतात. रोज. मी थप्पीत टाकतो. तुम्ही विकता."

"लग्नाआधी मी नेऊन टाकत होते, बाबा," मी म्हणाले. 

बाबा चिडले असते तर मला सोसलं असतं. ते काट्याच्या पारड्यात बसले. काटा करकरला. "म्हणजे मी तिच्यासाठी निवडलेलं रोज दुसऱ्याला विकत होतो," ते म्हणाले. मग विचारलं, "काहीच ठेवून घेत नव्हती?"

"दोरी," पाचरकाका म्हणाले. "दोरी ठेवायच्या. तुमच्या हातची गाठ आहे म्हणायच्या. अंगणात कपडे वाळत घालतात ना, त्या सगळ्या त्याच."

बाबांनी अंगणाकडे पाहिलं. आईचं धुतलेलं लुगडं तिथल्या दोरीवर वाऱ्याने हलत होतं. मी माझ्या बापाला रडताना पाहिलं ते तेवढंच.

दुसऱ्या दिवसापासून ते कागद घेऊन गॅसच्या कचेरीत खेपा घालायला लागले. दवाखान्यातून सुटल्यावर आईला मी माझ्या घरी आणलं होतं. ती माझ्या शिवणयंत्राशेजारी पडून असायची आणि बरी होत चालली तशी माझ्या टाक्यांना नावं ठेवायची, त्यावरून औषध लागू पडतंय हे कळत होतं. इकडे बाबांनी आणि पाचरकाकांनी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरची थप्पी हलवली. खिडकी गंजून बसली होती. ती उघडताना एक बिजागरी हातात आली. भिंतीशी विटांचा ओटा झाला. सिलिंडर आला तो भर गर्दीच्या वेळी. घरात जायला दुसरी वाट नव्हती, वखारीतूनच न्यावा लागणार होता. गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन बाहेरच घुटमळला.

"शेठ, गिऱ्हाईक जाऊ दे का आधी?"

"कशाला? समोरूनच ने," बाबा म्हणाले.

काट्यापुढे उभ्या असलेल्या सगळ्यांच्या माना त्या सिलिंडरबरोबर फिरल्या. हमाल म्हणाला, "शेठ, आता आम्ही कुणाकडे बघायचं?"

"माझ्याकडेच बघ. तुला परवडेल तेव्हा तूही घे. तोवर सुकंच देईन."

"संपलं," पाचरकाका आकाशाकडे बघून म्हणाले. "आता या वखारीचं काही खरं नाही."

आणि थोडं खरं होतंही त्यांचं. पुढच्या महिन्यात चार-पाच घरांनी लाकूड बंद केलं. फिटरच्या बायकोने तर नवऱ्याला ऐकवलं म्हणे, की टणटणशेठच्या घरात गॅस येतो आणि आपल्या घरात येत नाही, तो का? बाबांनी ते ऐकलं आणि त्यांना बरं वाटलं की वाईट, हे त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता आलं नसतं.

आई घरी परतली, ओट्यापुढे उभी राहिली आणि कपाळाला हात लावला.

"अहो, हे काय करून बसलात? वखारवाल्याची बायको गॅसवर रांधते म्हटल्यावर लाकूड कोण नेईल? वखार बसेल आपली!"

"बसली तर बसू दे," बाबा म्हणाले. "तू नसलीस तर मी सुकं लाकूड निवडू कुणासाठी?"

इतकं लांब वाक्य ते आईशी कधी बोलले नसावेत. आईने कपाळावरचा हात काढला. माझ्याकडून बटण फिरवायला शिकली आणि बाबांचा चहा तिने त्या दिवशी गॅसवर केला. मी मनात म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. संध्याकाळची मोळी बाबांनी त्या दिवसापासून बंद केली.

दहा दिवसांनी एका बाईचं झंपर द्यायला त्या बाजूला गेले होते, म्हणून सकाळीच माहेरी डोकावले. बाबा बाजाराला गेलेले. आणि मागच्या छपरातून धूर येत होता.

गॅसची शेगडी घासूनपुसून लख्ख केलेली, तिच्यावर इस्त्री केलेला रुमाल. आणि आई खाली, चुलीपुढे, सालींचा ढीग घेऊन फुंकत बसलेली. एक फुंकर, मग खोकला, मग भिंतीला टेकून श्वास गोळा करायचा, मग पुन्हा फुंकर. बाबा घरात असले की गॅस आणि पाठ वळली की हे.

"आई!"

"ओरडू नकोस. चहा आणि त्यांचं जेवण करते की त्याच्यावर. माझ्या एकटीच्या अंघोळीच्या पाण्याला कशाला वाया घालवायचा? संपला म्हणजे? कुणी आलंगेलं तर?"

मग माझा तोल सुटला. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. मरायचंच असेल तर सरळ सांग, इथवर बोलले. चिमटा उचलला आणि म्हणाले, "फोडून टाकते ही चूल!" आईने चुलीवर हात ठेवला. कढत होती, तरी ठेवला. त्याच वेळी बाबा परत आले. सगळं एका नजरेत बघून त्यांनी माझ्या हातातला चिमटा काढून घेतला.

"फोडून काय होणार? तीन विटा मांडून दुसरी करेल ती."

ते खरंच होतं. पाचरकाकांनी कानाला खडा लावला होता, की आता एक सालही देणार नाही. पण वखारीत राहणाऱ्या बाईला सरपण मिळू नये अशी तजवीज कुणाच्या बापाला जमली असती? अंगण झाडलं तरी तिचं दोन दिवसांचं काम भागत होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा बाजाराला गेले नाहीत. आई अंगणातून साली वेचून आत आली, तर बाबा चुलीशेजारी पाटावर बसलेले.

"अहो, आज जायचं नाही?"

"नाही."

"मग बाहेर बसा. इथे काय करताय?"

"तू बसशील तोवर मी बसतो."

मी हे दारातून पाहिलंय, कारण काळजीने मीही काम टाकून आले होते. धूर त्यांना अजिबात सोसत नसे. जन्म लाकडात गेला, पण पेटवायचं काम त्यांनी कधी केलेलं नव्हतं. दहा मिनिटांत डोळे लाल झाले. आई म्हणाली, जा. ते गेले नाहीत. तिने अंघोळीचं पाणी तापवलं, तेवढा वेळ ते बसले. वखार उघडली उशिरा. गिऱ्हाईक खोळंबलं, दोघे-तिघे कुरकुरत दुसरीकडे गेले. संध्याकाळी आई चुलीपुढे गेली, बाबा काटा सोडून पाटावर येऊन बसले. दुसरा दिवसही तसाच. रागावले नाहीत, समजावलं नाही, डॉक्टरचं नाव काढलं नाही.  मी मध्ये बोलायला गेले, तर पाचरकाकांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या माणसाने कुणाला गप्प केलं.

बाबांना काय कळलं होतं, ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. स्वतःच्या छातीसाठी आई कधीही उठणार नव्हती. चांगलं ते दुसऱ्याला देऊन टाकायचं आणि वाईट ते आपल्याकडे ठेवायचं, हेच तिला येत होतं. तिला काही द्यायला जाण्यात अर्थ नव्हता. ती परत पाठवणार.

तिसऱ्या दिवशी साली जास्तच ओल्या होत्या. धूर खिडकीतून जाता जाईना. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते बाहीने पुसत होते.

"उठा ना हो," आई म्हणाली. "डोळे जातील तुमचे."

"तू ऊठ."

"मला सवय आहे."

"मलाही होईल."

आणि मग त्यांना खोकला आला. साधा ठसका नव्हता. ते पाटावरून पुढे वाकले आणि खोकत राहिले, श्वास घ्यायला थांबले आणि पुन्हा खोकले. तो आवाज त्या घरात चाळीस वर्षं होता, पण आईने तो कधी बाहेरून ऐकला नव्हता. तिच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. ती बाबांच्या पाठीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जी भीती होती, तशी दवाखान्यात स्वतःसाठीही मी पाहिली नव्हती.

तिने हंड्यातलं पाणी घेतलं आणि चुलीत ओतलं. राख उसळून सगळ्यांच्या अंगावर आली. ती भिंतीला धरून उठली, ओट्याशी गेली, रुमाल काढून त्याची घडी केली. पहिली काडी विझली. दुसरीही विझली. तिसरी लागली.

"तुमच्यासाठी करतेय हे," ती पाठमोरीच म्हणाली. "माझ्यासाठी नाही, सांगून ठेवते."

"माझ्यासाठीच कर," बाबा म्हणाले. "रोज कर."